पारख शब्दाची आणि बोलणाऱ्याचीही

मराठीत स्वतःविषयी चार वाक्ये बोलायची, तर आपण स्त्री की पुरुष हे बहुधा पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे लागते. 'मी आलो' किंवा 'मी आले', 'मी करतो' किंवा 'मी करते'. भविष्यकाळातल्या 'मी करीन'मध्ये आणि 'मी पुस्तक वाचले' अशा सकर्मक भूतकाळात थोडी मोकळीक मिळते. पण पुढच्याच वाक्यात क्रियापद पुन्हा ओळख विचारते. लिंगभाव आणि भाषा हा विषय त्यामुळे आपल्याला कोणी बाहेरून आणून देण्याची गरज नाही. तो आपल्या प्रत्ययांत आहे, शाळेच्या हजेरीत आहे, लग्नपत्रिकेवरच्या 'सौ.' आणि 'कु.'मध्ये आहे, आणि 'विद्यार्थी मित्रांनो' या हाकेतही आहे.

लिंगभावाच्या दृष्टीने समन्यायी भाषा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. कोणालाही न वगळता सर्वांविषयी बोलण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात दोन्ही रूपे उच्चारली जातात: 'विद्यार्थी आणि विद्यार्थिनी', 'लेखक-लेखिका'. दुसऱ्या मार्गात लिंग सूचित न करणारा शब्द निवडला जातो: 'शिक्षकवृंद', 'कर्मचारीवर्ग', 'सरपंच', 'फलंदाज'. याविरुद्धची जुनी रीत अशी, की पुल्लिंगी शब्दात सगळे आले असे धरून चालायचे. आपल्या कायद्यानेही ही रीत लिहून ठेवली आहे. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमानुसार, संदर्भ वेगळा नसेल तर पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश होतो.

कायद्याने समावेश होतो, मनात होतो का? या प्रश्नावर युरोपात बरेच प्रयोग झाले. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पास्काल गिगाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी वाचकांना वाक्यांच्या जोड्या दिल्या होत्या. पहिल्या वाक्यात एखाद्या व्यवसायातील लोकांचा उल्लेख असे आणि दुसऱ्या वाक्यात त्यांपैकी काही जण पुरुष किंवा स्त्रिया असल्याचे कळे. इंग्रजी वाचक त्या व्यवसायाच्या रूढ प्रतिमेप्रमाणे चालले. फ्रेंच आणि जर्मन वाचकांनी मात्र पुल्लिंगी अनेकवचन वाचल्यावर पुरुषच गृहीत धरले; ज्या व्यवसायांत स्त्रिया अधिक दिसतात तिथेही. खुर्ची स्त्रीलिंगी आहे म्हणून ती बाई होत नाही, व्याकरणातले लिंग वेगळे आणि माणसाचे वेगळे, हा आक्षेप वस्तूंच्या बाबतीत खराच आहे. माणसांविषयी बोलताना तो इतका सरळ लागू पडत नाही.

इथवरचा भाग आता बऱ्याच जणांच्या परिचयाचा आहे. मला या प्रस्तावनेत वाचकांचे लक्ष दुसऱ्या बाजूकडे वेधायचे आहे. भाषेविषयीच्या या चर्चेत आपण नेहमी ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांचा विचार करतो. जी व्यक्ती बोलते तिचे काय होते? नवे रूप तोंडातून निघाले, की ऐकणारा त्या रूपाचा अर्थ लावण्याआधी बोलणाऱ्याची पारख करून मोकळा होतो. ही कोणत्या विचारांची, हा किती शिकलेला, हिला काही सिद्ध करायचे आहे का, हा आपल्यातला की परका. आणि ही पारख सर्वांची सारख्याच मापाने होत नाही.

फ्रान्सच्या संसदेतला प्रसंग पाहा. ऑक्टोबर २०१४मध्ये सभागृहाचे कामकाज सांद्रीन माझतिए चालवत होत्या. झ्युलियँ ओबेर या सदस्याने त्यांना पुल्लिंगी रूपाने संबोधले. माझतिए यांनी स्त्रीलिंगी रूप वापरायला सांगितले, तरी त्यांनी फ्रेंच अकादमीचा दाखला देत पुल्लिंगी रूपच पुन्हा वापरले. त्यांच्या मासिक मानधनाचा चौथा भाग, म्हणजे १,३७८ युरो, कापला गेला. एका उपपदावरून एवढे रण माजले, कारण दोन्ही बाजूंना ठाऊक होते की इथे व्याकरण हे निमित्त आहे. एका बाजूच्या रूपातून परंपरेची निष्ठा ऐकू येत होती, दुसरीच्या रूपातून पदावर बसलेल्या स्त्रीचा मान. ज्या अकादमीची साक्ष काढली गेली होती, तिनेच २८ फेब्रुवारी २०१९ रोजी व्यवसाय आणि पदांच्या स्त्रीलिंगी रूपांना मान्यता दिली.

जर्मनीत हा प्रश्न रोजच्या बातम्यांतून घराघरांत पोहोचला. झेडडीएफ वाहिनीच्या वृत्तनिवेदिका पेट्रा गेर्स्टर २०२०च्या शरद ऋतूपासून समूहवाचक शब्दांत स्त्रीलिंगी प्रत्ययापूर्वी किंचित थांबू लागल्या. शब्दाच्या पोटातला क्षणभराचा विराम, बाकी काही नाही. त्यावर प्रेक्षकांच्या निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. बातमी तीच होती, निवेदिकाही अनेक वर्षांच्या ओळखीची होती. पण त्या विरामामुळे काही प्रेक्षकांच्या कानाला ती अचानक एका पक्षाची वाटू लागली, तर काहींना ती आपल्याला मोजणारी वाटली. बव्हेरिया राज्याने १ एप्रिल २०२४पासून शाळा, विद्यापीठे आणि सरकारी कार्यालयांत लेखनात हा विराम दाखवणाऱ्या चिन्हांचा वापर बंद केला. विराम घेणे आणि न घेणे, दोन्हींतून आता तिथे माणूस ओळखला जातो. अशा वादात तटस्थ रूप असे काही उरत नाही. जुनी रीत पाळणाराही काही सांगतच असतो.

सर्वांत बोलका दाखला पोलंडचा आहे. तिथल्या माग्दालेना फोर्मानोविच आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रीची माहिती लोकांसमोर ठेवली. काहींना तिचे व्यवसायनाम पुल्लिंगी रूपात दिसले, काहींना स्त्रीलिंगी रूपात. रूढ प्रतिमेचा प्रभाव पडू नये म्हणून एक व्यवसाय तर मुद्दाम कल्पून घेतला होता. स्त्रीलिंगी नाम लावणाऱ्या अर्जदार स्त्रीला लोकांनी कमी पसंती दिली. पुरुष अर्जदारापेक्षा कमी आणि पुल्लिंगी नाम लावणाऱ्या स्त्रीपेक्षाही कमी. पुढच्या प्रयोगात दिसले, की ही घसरण परंपरावादी विचारांच्या लोकांकडून होत होती. म्हणजे स्वतःचे नाव न्यायाने उच्चारण्याची किंमत त्या स्त्रीलाच भरावी लागत होती. प्रयोगशाळेबाहेरही हेच घडले होते. २०१२मध्ये पोलंडच्या क्रीडामंत्री योआन्ना मुखा यांनी आपल्याला मंत्री या शब्दाच्या स्त्रीलिंगी रूपाने संबोधावे असे म्हटले, तेव्हा त्यांची टर उडवली गेली. सात वर्षांनी, २०१९मध्ये, पोलिश भाषा परिषदेने अशा रूपांना अनुकूल भूमिका घेतली.

इटलीतल्या एका अभ्यासाने या चित्रात मोलाची भर घातली. इटालियन भाषेत वकील स्त्रीसाठी दोन रूपे आहेत. एक जुने, 'एस्सा' प्रत्ययाचे. दुसरे अलीकडचे, साध्या आकारान्त स्त्रीलिंगाचे. एलिसा मेर्केल, आने मास आणि लाउरा फ्रोमेल्ट यांनी २०१२मध्ये दाखवले, की जुन्या रूपामुळे त्या स्त्रीची प्रतिष्ठा ऐकणाऱ्यांच्या मनात उतरते, नव्या रूपामुळे ती तशी उतरत नाही. रूप स्त्रीलिंगी आहे म्हणून मान घटतो असे सरसकट नाही. त्या रूपाने आजवर कोणाचे वर्णन केले, कोणत्या सुरात केले, याचा इतिहास त्या प्रत्ययाला चिकटून येतो.

हे वाचताना मराठी वाचकाला आपला 'ईण' प्रत्यय आठवेलच. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीण म्हणजे मास्तरांची बायको, आणि पुढे शिकवणारी बाईही. 'डॉक्टरीणबाई' ही हाक डॉक्टरांच्या पत्नीलाही मारली जाते आणि स्वतः दवाखाना चालवणाऱ्या स्त्रीलाही. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याला एकशे चाळीस वर्षे होत आली तरी तो प्रत्यय पुरता नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेला नाही. 'शेतकरीण' घ्या. महाराष्ट्रात पेरणी, खुरपणी, कापणी यांचा मोठा भार स्त्रिया उचलतात. तरी 'शेतकरी' म्हटले की डोळ्यांपुढे फेटा येतो, आणि 'शेतकरीण' म्हटले की शेतकऱ्याची कारभारीण. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही आणि शब्दातही जी दुसऱ्याची म्हणून येते, तिचे म्हणणे पीककर्जाच्या बैठकीत ऐकले जाईल कसे? संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने होणाऱ्या भाषणांत हा शब्दही विचारात घ्यावा असे मला मनापासून वाटते.

मराठी पदनामांकडे ओळीने पाहिले तर एक उतरंड स्पष्ट दिसते. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, परिचारिका, मोलकरीण: इथे स्त्रीलिंगी रूप अगदी सहज येते, कोणालाच ते खटकत नाही. शिक्षिका, प्राध्यापिका, मुख्याध्यापिका इथवरही ते टिकते. पुढे कुलगुरू, सचिव, जिल्हाधिकारी, न्यायमूर्ती यांच्यापाशी ते थांबते. मान आणि वेतन जिथे कमी, तिथे स्त्रीलिंगी रूप रुळले. अधिकार वाढला तिथे शब्द पुरुषांसाठी घडलेले होते आणि स्त्रिया मागाहून आल्या. त्यामुळे उच्चपदस्थ स्त्रियांपैकी अनेकींना 'अध्यक्षा'पेक्षा 'अध्यक्ष' म्हणवून घेणे बरे वाटते, आणि कविता लिहिणाऱ्या कित्येकींना 'कवयित्री'पेक्षा 'कवी'. त्यात स्त्रीत्वाची लाज नसते. आपल्या कामाचे माप लहान होऊ नये ही इच्छा असते, आणि ती रास्त आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी १९६१मध्ये ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे आल्या. दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे अशी वाट चालत २०२५मध्ये दिल्लीला तारा भवाळकर आल्या. चौसष्ट वर्षांत सहाजणी. 'अध्यक्ष' म्हटल्यावर कोणती मूर्ती मनात उभी राहते, याचे उत्तर या आकड्यातच आहे.

याउलट स्त्रीलिंगी रूपाने मान वाढल्याचा दाखलाही आपल्याच इतिहासात आहे. १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची संस्कृत विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. ती कोणाची पत्नी म्हणून मिळालेली नव्हती, स्वतःच्या अभ्यासावर मिळालेली होती. म्हणून ते रूप आजही कानाला भारदस्त लागते. स्त्रीलिंगी प्रत्ययाने शब्द हलका होतोच असे नाही. तो कोणत्या कर्तृत्वाशी जोडला जातो यावर त्याचे वजन ठरते.

पारख बोलीनुसार कशी बदलते, हे पाहायला कोल्हापूरला जावे. त्या भागात मुली आणि बायका अगदी सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. कन्नडचा शेजार हे त्याचे एक कारण सांगितले जाते. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. कोल्हापुरात हे बोलणे कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच मुलगी शिकायला पुण्यात आली आणि 'मी येतो गं' म्हणाली, की वर्ग हसतो. तिला रांगडी म्हणतात, मुलासारखी म्हणतात. काही महिन्यांत ती पुण्यात 'येते' आणि घरी 'येतो' असे दोन पदर सांभाळायला शिकते. क्रियापद तेच, ऐकणारा बदलला. गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीविषयी 'तें आयलें' असे नपुंसकलिंगी बोलतात आणि त्यात तिचा अपमान आहे असे तिथे कोणी मानत नाही. कोणत्याही रूपाच्या अंगी स्वतःचा विचित्रपणा नसतो. तो ऐकणाऱ्याच्या सवयीतून येतो, आणि सवयीमागे कोणाची बोली प्रमाण धरली गेली याचा इतिहास असतो.

पारलिंगी व्यक्तींसाठी ही पारख सर्वांत कठोर असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४च्या नालसा निकालात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण मराठीत हा हक्क रोज क्रियापदात बजावावा लागतो. 'मी आले' एवढे म्हणताना एखादी पारलिंगी स्त्री स्वतःची ओळख सर्वांसमोर ठेवते आणि समोरच्याने 'आलीस का' म्हणावे की 'आलास का', यावर तिचा त्या खोलीतला वावर ठरतो. इथे समन्यायी भाषा हा शिष्टाचाराचा भाग राहत नाही. ती एका माणसाला माणूस म्हणून उत्तर देण्याची बाब होते.

विरोधकांचे म्हणणे मी हलके मानत नाही. दर वेळी दोन-दोन रूपे उच्चारली तर वाक्य बोजड होते, हे खरे आहे. भाषा वरून लादता येत नाही, हेही खरे आहे. पण बोजडपणाही सवयीवर अवलंबून असतो. गावच्या जत्रेपासून विधानसभेच्या प्रचारापर्यंत प्रत्येक मराठी वक्ता 'बंधू आणि भगिनींनो' म्हणूनच सुरुवात करतो. ही जोडरूपाची उत्तम पद्धत आहे आणि ती वापरणाऱ्याला आजवर कोणी कोणत्या चळवळीचा ठरवलेले नाही. स्वीडनमध्ये स्त्री-पुरुष असा भेद न करणारे 'हेन' हे सर्वनाम २०१२मध्ये चर्चेत आले तेव्हा बहुतेकांचे मत प्रतिकूल होते. २०१५मध्ये ते स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत आले आणि तोवर लोकमतही बरेच निवळले होते. रूप कानावर पडत राहिले, की त्यावरून बोलणाऱ्याची जात ओळखण्याचा उद्योग थंडावतो.

मराठीपाशी तर स्वतःचे एक सुंदर साधन आहे. 'सरपंच म्हणाल्या', 'न्यायमूर्ती उठल्या', 'जिल्हाधिकारी येणार होत्या'. नाम जसेच्या तसे, त्याच्या अधिकाराला धक्का नाही. आणि क्रियापदाने स्त्री असल्याची नोंद आदरार्थी बहुवचनात घेतली. जर्मन आणि पोलिश भाषकांना ज्या दोन गोष्टींत निवड करावी लागते, त्या दोन्ही मराठीत एकाच वाक्यात बसतात. मिश्र समूहासाठीही वाट आहे: 'माणूस आला' पुल्लिंगी, पण 'माणसे आली' नपुंसकलिंगी. अडते ते अनिश्चित व्यक्तीविषयी बोलताना. 'जो अर्ज करेल त्याने', 'प्रत्येक विद्यार्थ्याने', 'मतदार राजा'. तिथे 'अर्ज करणाऱ्यांनी', 'विद्यार्थी-विद्यार्थिनींनी', 'मतदारांनी' असे लिहिल्याने भाषेचे काहीही बिघडत नाही.

आणि मुलांचे काय होते हेही पाहायला हवे. ड्रीस व्हेर्वेकेन आणि बेटिना हानोव्हर यांनी २०१५मध्ये जर्मन आणि डच बोलणाऱ्या ५९१ प्राथमिक शाळकरी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. व्यवसायांची नावे दोन्ही रूपांत सांगितली, तेव्हा 'पुरुषी' मानल्या जाणाऱ्या व्यवसायांत आपण जाऊ शकू असा विश्वास मुलांमध्ये वाढलेला दिसला. वर्गात फळ्यापाशी उभी असलेली व्यक्ती कोणते रूप उच्चारते, याला एवढे महत्त्व आहे.

म्हणून हे पुस्तक वाचताना वाचकांनी प्रत्येक उदाहरणाला एक प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे: हे रूप वापरण्याची किंमत कोण मोजते? पोलंडमधल्या त्या अर्जदार स्त्रीने एकटीने ती मोजली. पुण्याच्या वर्गात हसू झेलणारी कोल्हापूरची मुलगी एकटीने मोजते. पण नोकरीच्या जाहिरातीतच दोन्ही रूपे छापली असती, तर अर्जदार स्त्रीला ते धाडस करावे लागले नसते. शाळेच्या शिक्षकाने हजेरीपासूनच 'विद्यार्थी-विद्यार्थिनी' म्हटले, तर वर्गातल्या मुलीला ते मागावे लागत नाही. आपल्या सभांमध्ये मी पाहत आलो आहे, की समन्यायी भाषा बोलणारा पुरुष सुसंस्कृत ठरतो आणि तीच भाषा बोलणारी स्त्री 'अजेंडा' घेऊन आलेली. हे अन्यायाचे आहे, पण यातूनच जबाबदारी कोणाची हे ठरते. ज्यांच्या शब्दाला आधीच वजन आहे, ज्यांना हसण्याची भीती कमी आहे, त्यांनी पहिले पाऊल टाकावे. संपादकांनी, मुख्याध्यापकांनी, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी, सरकारी परिपत्रके काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी, आणि विशेषतः पुरुषांनी.

व्यक्तीविषयी बोलताना तिला काय म्हणवून घ्यायचे आहे ते विचारावे आणि तेच म्हणावे. समूहाविषयी बोलताना त्यातल्या प्रत्येकाला आपण मोजले गेलो असे वाटेल असे बोलावे. आणि कोणी नवे रूप वापरले, तर बोलणाऱ्याचा पक्ष शोधण्याआधी त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घ्यावे. या तीन गोष्टींना नवे व्याकरण लागत नाही, सरकारी आदेश लागत नाही. बोलणारे पुरेसे झाले, की अशा भाषेवरून कोणालाही वेगळे काढता येणार नाही. आणि ती रुळावी म्हणून आज ती बोलायला हवी.